तीन गाठींची बाटली

डागदर सकाळी आठ वाजता त्या घराच्या दारात उभे राहिले, तेव्हा त्यांच्या एका हातात बादली होती, दुसऱ्या हातात हत्तीची सोंड होती आणि पोटात गोळा होता.

हत्ती म्हणजे त्यांचं मशीन. गालिच्यात साबणाचं पाणी सोडायचं आणि मळासकट परत ओढून घ्यायचं, हे त्याचं काम. रंगानं करडा, चालीनं डुलता, आणि एकदा सुरू झाला की तीन घरं पलीकडचं झोपलेलं बाळ उठवणारा. गेली बत्तीस वर्षं डागदर लोकांच्या घरातले गालिचे धूत होते आणि त्यातली एकोणीस वर्षं हा हत्ती त्यांच्या दारी झुलत होता. डाग काढणारा डॉक्टर म्हणून कुणीतरी थट्टेनं त्यांना डागदर म्हटलं आणि ते नाव चिकटलं. शाई निघाली, मेण निघालं, दाराचा तेलरंगसुद्धा निघाला; हे नाव तेवढं निघालं नाही.

पोटातला गोळा मात्र नवा होता. बरोबर दोन आठवड्यांचा.

डागदरांना बहुतेक काम मिळायचं ते एका एजंटबाईंकडून. बाई घरं विकून द्यायच्या. घर विकायला काढलं की आधी रंगारी, मग माळी आणि शेवटी डागदर, असा त्यांचा क्रम ठरलेला. दोन आठवड्यांपूर्वी एका बंगल्यात डागदरांनी सगळे गालिचे धुतले, "आरशासारखं झालंय" म्हणून सांगितलं, आणि जेवणाच्या खोलीत मधोमध ताटाएवढा कॉफीचा डाग तसाच राहिला. एजंटबाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "काका, पुन्हा असं झालं तर मला कंपनीवाल्यांना बोलवावं लागेल. कायमचंच. मलाही वर उत्तर द्यावं लागतं हो."

डाग राहिला कारण डागदरांना तो दिसलाच नव्हता.

गेल्या वर्षभरात त्यांचं जग हळूहळू चहाच्या रंगाचं होत गेलं होतं. भिंती चहाच्या, आभाळ चहाचं, बायकोचे पांढरे केससुद्धा चहात बुडवून काढल्यासारखे. आता अशा जगात माणसानं चहाचा डाग शोधायचा कुठं? डोळ्यांच्या डॉक्टरांनी नऊ महिन्यांपूर्वीच सांगितलं होतं, "मोतीबिंदू आहे, दोन्हीकडे. पंधरा मिनिटांचं काम. घाबरू नका, दुखत नाही." डागदरांनी मान डोलावली, डॉक्टरांचा कागद नीट घडी घालून घेतला आणि गाडीच्या खणात जुन्या फडक्यांखाली पुरून टाकला. "घाबरू नका, दुखत नाही" हे ते स्वतः गालिच्यांच्या मालकांना बत्तीस वर्षं सांगत आले होते, त्यामुळे या वाक्यात किती अर्थ असतो ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. डोळ्यात कुणी काही घालणार हा नुसता विचारही त्यांना सोसत नसे.

बायकोला यातलं काही माहीत नाही, अशी त्यांची खात्री होती. बायको वर्षभरापासून त्यांच्याबरोबर कामावर येऊ लागली होती, पण ते तिच्या गुडघ्यांसाठी. "घरी बसून आखडतात," म्हणायची. गाडीसुद्धा तीच चालवायची. "हात मोकळा राहायला हवा." त्या कॉफीच्या बंगल्याच्या दिवशी तेवढी ती त्यांना दारात सोडून बाजारात गेली होती. आणि एक खूळ तिनं काढलं होतं: औषधांच्या तीन सारख्या बाटल्यांच्या गळ्यात दोरे बांधायचे. एक गाठ म्हणजे साधा साबण. दोन गाठी म्हणजे चहा-कॉफी काढणारं औषध. आणि तीन गाठी म्हणजे रंग उडवणारं, ते फक्त पांढऱ्याशुभ्र सुती गालिच्यांवर, आणि तेही देवाचं नाव घेऊन. डागदरांनी मनात म्हटलं, बायकांना हौस असते. पण त्यांच्या बोटांना त्या गाठींची सवय होऊन गेली.

"आत या. आधी पाय पुसा. दोन्ही."

दार उघडणाऱ्या बाई मुलांच्या शाळेत हेडमास्तरीण होत्या. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली होती, पण ते फक्त शाळेला माहीत होतं. सगळे त्यांना हेडबाई म्हणायचे. घर विकून त्या लेकीच्या शेजारी राहायला चालल्या होत्या. सामान आदल्या दिवशीच गेलं होतं. उरली होती एक खुर्ची, एक किटली आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत बदामी रंगाचा गालिचा.

"गिऱ्हाईक चारला येणार. एजंटबाई साडेतीनला येऊन बघणार. हा नकाशा."

"कसला नकाशा?"

"डागांचा."

हेडबाईंनी वहीचा एक आखीव कागद पुढे केला. त्यावर सगळ्या खोल्या काढल्या होत्या आणि खोल्यांत आकडे. खाली बारीक पेन्सिलीनं कोण, कधी, काय. डागदरांना दिसला तो एक चहात भिजलेला कागद.

"चष्मा गाडीत राहिला वाटतं," खिसे चाचपत ते म्हणाले. "अगं, वाच बरं."

बायकोनं वाचलं. "एक, मोठी लेक, शाई. दोन, धाकटी लेक, शाई. मोठीचं बघून. तीन, मी स्वतः, मलम. चार ते आठ, मांजर."

"मांजराला मी पाच वेळा समज दिली होती," हेडबाई म्हणाल्या.

"नऊ, हॉलमध्ये मधोमध. जावई, चहा."

"पहिल्यांदा घरी आला तेव्हाचा. हात थरथरत होता बिचाऱ्याचा. तो गेल्यावर मी त्यावर स्टूल ठेवलं. अकरा वर्षं तो त्या स्टुलाला ठेचाळतोय आणि मला म्हणतोय, आई, हे इथं मधोमध कशाला? काय सांगणार? तुझ्यासाठीच, म्हणून?"

बायको खुदकन हसली. तेव्हा कळलं की या घरात सामान सोयीनं नाही, डागांच्या हुकमानं लावलेलं होतं. कपाट अर्ध्या खिडकीवर, खुर्ची दाराच्या वाटेत, टेबल कोपऱ्याकडे पाठ करून. आता सामान गेलं होतं आणि सगळे डाग हजेरीला उभे होते.

"बाई, डाग पडला की लगेच बोलवायचं असतं," डागदर म्हणाले. हे त्यांचं नेहमीचं भाषण, आणि ते करताना त्यांना जरा धीर यायचा. "ताजा असताना फडक्यानंसुद्धा निघतो. लोक लाजतात, झाकून ठेवतात, आज बघू उद्या बघू करतात. तोवर तो आत मुरतो. मग मला हत्ती आणावा लागतो."

"अस्सं," हेडबाई म्हणाल्या आणि त्यांच्याकडे एक क्षण जास्तच बघत राहिल्या.

डागदरांनी बूट-मोजे काढले. पाण्याचा थेंब टाकण्याआधी अनवाणी सगळ्या घरातून एक फेरी, ही त्यांची जुनी रीत. लोकांना वाटे, गालिच्याबद्दलचा आदर. खरं म्हणजे पाय बोलतात. साखरेचा डाग चरचरतो, तेलाचा गुळगुळीत लागतो, शाईचा काही सांगत नाही पण आजूबाजूची लव ताठ झालेली असते. आज तर पायांना आणखी एक मदत मिळाली. डागावर सामान होतं, म्हणजे सामानाच्या पायांचे खड्डे होते. चार खड्डे सापडले की मध्ये डाग. डागदरांच्या पोटातला गोळा किंचित सैल झाला. जमेल की! चारला गिऱ्हाईक येईल, बघेल, जाईल. पुढचं पुढं.

हत्ती सुरू झाला. दुपारपर्यंत शाई गेली, मलम गेलं, मांजराचे पाचही गुन्हे माफ झाले. बायको पुढे, डागदर मागे. ती नुसतं "इकडे जरा" म्हणायची आणि ते घासायचे. मधेच हेडबाई दारात येऊन विचारत, "हा गेला का?" आणि डागदर गालिच्याकडे न बघता बायकोच्या तोंडाकडे बघून म्हणत, "गेला की." एकदा त्यांनी "प्रकाश उलटा येतोय" म्हटलं. एकदा "डोळ्यात साबण गेला" म्हटलं.  हेडबाई हाताची घडी घालून उभ्या राहिल्या.

एक वाजता डागदर आणि बायको गाडीत बसून डबा खाऊन आले. मग बायको मागच्या अंगणात मळकं पाणी ओतायला गेली आणि उरलेला एकुलता एक डाग, नऊ नंबरचा, जावयाचा, डागदरांनी एकट्यानं हाती घेतला. स्टुलाचे चार खड्डे पायानं शोधले. मध्ये गुडघे टेकले. मागे हात करून बाटली घेतली.

गळ्यात दोरा नव्हता.

दुसरी घेतली. दोरा नव्हता. तिसरीलाही नव्हता. तिन्ही बाटल्या एका ओळीत उभ्या होत्या, लखलखीत पुसलेल्या. डागदरांनी एक डोळ्यांसमोर धरली. चहा. दुसरी धरली. चहा. वास घ्यावा तर सकाळपासून आंबूस औषध वापरून नाकही भरून गेलं होतं. बायकोला हाक मारायची? बत्तीस वर्षांच्या अनुभवानंतर, "अगं, यातली कुठली कुठली ते सांग" म्हणून? दारात तर हेडबाईंची सावली. रोज ते चहाचं औषध मधे ठेवत. त्यांनी मधली उचलली, डागावर ओतली, वर ओलं फडकं झाकलं आणि वीस मिनिटं मुरू दिली.

वीस मिनिटांनी बायको बादली घेऊन आत आली. डागदरांनी फडकं उचललं, हत्तीनं पाणी ओढलं, तळवा फिरवला. एक कणसुद्धा चरचर नाही.

"हा घ्या नऊ नंबर," ते उभे राहत म्हणाले. "मागमूस नाही."

बायकोच्या हातातली बादली खाली टेकली. जरा जोरातच.

"काय गं? राहिला का थोडा?"

"नाही. डाग गेलाय."

"मग?"

"गालिचा पण गेलाय."

बदामी गालिच्याच्या मधोमध, जिथं गिऱ्हाइकाचं पहिलं पाऊल पडणार तिथंच, बशीएवढा पांढराफटक गोल उमटला होता. ढगातून चंद्र यावा तसा. घरातल्या तिघांपैकी दोघांना तो दारातूनही दिसत होता.

"दोरे कुठं गेले?" बायकोनं विचारलं.

"ते कळकट दोरे?" हेडबाई पुढे आल्या. "तुम्ही जेवायला गेलात तेव्हा मी बाटल्या पुसून ओळीत लावल्या. दोरे कापून टाकले. का? लेबलं तर तशीच आहेत. ही बघा, एवढी मोठी अक्षरं आहेत. लेबल असताना दोरा कुणाला..."

हेडबाई मध्येच थांबल्या. आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच त्यांचं वाक्य अर्धं राहिलं. डागदर त्या पांढऱ्या गोलाकडे बघत होते, म्हणजे तो जिथं असावा असं त्यांना वाटत होतं तिथं. वीतभर डावीकडे.

"बसा," हेडबाई म्हणाल्या आणि घरातली एकुलती एक खुर्ची पुढे केली. डागदर बसले. "शेवटच्या बाकावरून फळा न दिसणारं मूल ते कधीही सांगत नाही. शेजारच्याच्या वहीत बघून लिहितं. विचारलं तर म्हणतं, पेन्सिल हरवली. तुमचा सकाळी चष्मा हरवला, मग प्रकाश उलटा झाला, मग साबण गेला. आणि प्रत्येक वेळी बघत होतात यांच्या वहीत." त्यांनी बायकोकडे बोट केलं. "केव्हापासून?"

"वर्ष झालं," डागदर म्हणाले.

"आणि सकाळी मला शिकवत होतात! ताजा असताना बोलवायचं, लाजायचं नाही, झाकून ठेवायचं नाही..."

"बाई, परीक्षा मागाहून घ्या," बायको म्हणाली. "दोन वाजून गेलेत."

डागदरांनी खिशातून फोन काढला. "मी एजंटबाईंना सांगून टाकतो. कंपनीवाल्यांना बोलवू देत. संपलं."

"फोन ठेवा खाली," बायको म्हणाली. "तुमच्या हातांना काय झालंय? मोतीबिंदू हातांना झालाय का?"

डागदरांनी चमकून वर पाहिलं. "तुला कसं..."

"चाकू कुठंय?" बायको म्हणाली.

एकच उपाय होता. गोल कापून काढायचा आणि त्याच गालिच्याचा दुसरा तुकडा तिथं बसवायचा. डागदरांनी हे काम आयुष्यात पंचवीस-तीस वेळा केलं होतं, सगळं दिसत असताना. हेडबाईंनी भिंतीतलं कपाट उघडून दिलं. आतही हाच गालिचा होता. बायकोनं वाकून पाहिलं. "चालायचा नाही. इथं ऊन लागलेलं नाही. हा गडद आहे."

"खालच्या झोपायच्या खोलीत खिडकीखाली," हेडबाई म्हणाल्या. "हॉलइतकंच ऊन येतं. पण तिथं भोक पडेल."

"तिथं कपाटातला लावू. खिडकीखाली जरा गडद खपून जाईल."

"आणि कपाटात?"

"हा पांढरा."

"म्हणजे बदल्याच झाल्या की सगळ्यांच्या," हेडबाई म्हणाल्या. शाळेत त्यांनी बदल्या खूप पाहिल्या होत्या आणि नको त्या माणसाची रवानगी अंधाऱ्या जागी होते, हेही.

बायकोनं चारही खड्ड्यांना दोरी लावून चौकोन आखला. डागदरांनी चाकू घेतला आणि डोळे मिटले. उघडे ठेवून तरी काय होणार होतं? गालिच्यात धाग्यांच्या ओळी असतात. दोन ओळींच्या मधून पातं गेलं तर जोड मिटतो. एक धागा जरी तुटला तर तिथं कायमची रेघ राहते. डाव्या हाताच्या बोटानं ओळ शोधायची, उजव्या हातानं त्या बोटामागून पातं न्यायचं. बोट आणि पातं यांच्यात जेमतेम गव्हाच्या दाण्याएवढं अंतर.

"डावीकडे जाताय," बायको म्हणाली.

"नाही जात."

"जाताय हो!"

"ओळच तिकडे जाते. गप्प बस."

ती गप्प बसली. चाळीस वर्षांच्या संसारात हे क्वचितच घडलं असेल. पात्याचा करकर आवाज तेवढा येत राहिला. पांढरा चौकोन निघाला. खिडकीखालचा बदामी चौकोन निघाला. डागदरांनी तो तळव्यावर घेऊन वरून बोट फिरवलं. लवेचं मांजराच्या पाठीसारखं असतं, एकीकडून हात फिरवला तर खूश, उलटा फिरवला तर फिसकारतं. हॉलमधला गालिचा दाराकडे खूश होता. तुकडाही दाराकडेच खूश राहायला हवा, नाहीतर रंग जुळूनही तो चमकला असता. त्यांनी तुकडा एकदा फिरवला, पुन्हा फिरवला, थांबले.

आणि दारावरची घंटा वाजली.

तीनच वाजले होते. एजंटबाई अर्धा तास आधी आल्या होत्या.

हॉलच्या मधोमध भोक, भोकाशेजारी डागदर, डागदरांच्या हातात चाकू. बायकोनं हेडबाईंकडे पाहिलं. हेडबाईंनी पदर खोचला नाही, की काही नाही; फक्त मान ताठ केली आणि हॉलचं दार मागे ओढून घेऊन बाहेर गेल्या.

"आत या. आधी पाय पुसा." दारापलीकडून आवाज आला. "दोन्ही. आता टाचा."

"बाई, मी पटकन हॉल बघून..."

"क्रमानं बघायचं. एक नंबर वरच्या खोलीत आहे. हा नकाशा. प्रत्येक डागापुढे बरोबरची खूण करून सही करायची."

"सही?"

"पूर्ण सही. नुसती अक्षरं नकोत."

जिन्यावर पावलं वाजली. डागदरांनी भोकात दोन्हीकडून चिकटणारी पट्टी लावली. तुकडा वर धरला. हात थरथरत होते आणि अकरा वर्षांपूर्वी याच जागी थरथरलेल्या त्या जावयाबद्दल त्यांना एकदम माया वाटली.

"श्वास घ्या," बायको म्हणाली.

त्यांनी श्वास घेतला आणि तुकडा सोडला. चारही कडा बोटांनी दाबल्या, दातांच्या जुन्या ब्रशनं लव जोडावरून विंचरली, मग आडवा तळवा फिरवला. एकदा, दोनदा. कुठंही ठेच लागली नाही.

"सांग."

बायको दारापाशी गेली, खिडकीपाशी गेली, खाली बसून आडवं बघितलं. डागदरांना तो वेळ नऊ महिन्यांएवढा वाटला.

"उठा आता," ती म्हणाली. "पंखा लावते. आतल्या दोन बदल्या राहिल्यात अजून."

साडेतीनला एजंटबाई नऊ सह्या करून हॉलमधून फिरल्या. सवयीनं कोपरे बघितले, दाराची मागची बाजू बघितली, तुकड्यावरून दोनदा चालत गेल्या. "वा, काका! मागच्या वेळचं मनातून काढून टाकते. पुढच्या आठवड्यात दोन घरं आहेत. घ्याल ना?"

"हो," डागदर म्हणाले. गोळा सुटायला हवा होता. तो उलट घट्ट झाला.

चारला गिऱ्हाईक आलं. नवरा, बायको आणि नवऱ्याची आई. आईनं आल्या आल्या नळ सोडून बघितले, दारं ठोकून बघितली. मग सगळे हॉलमध्ये उभे राहिले. "गालिचा अगदी नव्यासारखा आहे," सून म्हणाली.

"नव्यासारखा नाही," हेडबाई म्हणाल्या. "पंचवीस वर्षांचा आहे. आणि याच खोलीत एक तुकडा कापून बदललाय. आजच."

एजंटबाईंच्या चेहऱ्यावरचं हसू जिथल्या तिथं वाळलं. "बाई..."

"मुलांना चाळीस वर्षं खरं बोला म्हणून सांगितलं. आता जाता जाता घर विकण्यापायी खोटं नाही बोलायचं मला. रंग उडाला होता. त्यात माझाही हात होता. तुम्हाला जोड दिसला तर तसं सांगा, मी गालिचा काढून देईन."

"जोड मला दिसणार नाही असं होणारच नाही," आई म्हणाली. "वीस वर्षं कपडे शिवलेत मी." तिनं पर्स सुनेच्या हातात दिली आणि गुडघ्यांवर बसली. मुलगा दुसऱ्या बाजूनं बसला. एजंटबाईही न राहवून वाकल्या. पाच मिनिटं तिघंही लव उलटसुलट करत राहिले. आईनं तीन ठिकाणी बोट ठेवलं आणि तिन्ही वेळा हेडबाईंनी "चूक" म्हटलं.

"हरले बाई," आई शेवटी म्हणाली. "आता तुम्हीच दाखवा हो. कुठंय?"

सगळे डागदरांकडे बघू लागले.

"खरं सांगू?" डागदर म्हणाले. "मलाही दिसत नाही."

हॉल हसला. आई हसली, सून हसली, एजंटबाई तर डोळे पुसायला लागल्या. सुटका तिथंच होती, हातभर अंतरावर. नुसतं त्यांच्याबरोबर हसायचं आणि बादली उचलायची. डागदरांनी हेडबाईंकडे पाहिलं. चहाच्या रंगाच्या धुक्यात एक ताठ मान त्यांना तेवढी कळली.

"चेष्टा नाही," ते म्हणाले. "मला दिसतच नाही. वर्ष झालं, मोतीबिंदू आहे. म्हणूनच आज चुकीची बाटली उचलली. आणि एजंटबाई, मागच्या वेळचा कॉफीचा डाग... तो राहिला नव्हता. मला दिसला नव्हता."

मग त्यांनी बूट काढला, मोजा काढला आणि अनवाणी पाय गालिच्यावरून सरकवत गेले. चौथ्या पावलाला थांबले. "इथं. पायाला कळतं."

आईनं त्यांच्या पायाशी नाक लावून बघितलं. "इथं काहीच नाही!" ती जवळजवळ चिडून म्हणाली.

"काका, दोन घरं मी कंपनीवाल्यांना देतेय," एजंटबाई म्हणाल्या.

"बरं."

"तुम्ही ऑपरेशन करून घ्या. पट्टी निघाली की मला फोन करा. मी तुम्हाला इथं घेऊन येणार. हा तुकडा डोळ्यांनी शोधून दाखवायचा, बूट घालून. मग तिसरं घर तुमचं."

"आणि नाही सापडला तर?"

"तर मग चौथंही तुमचंच द्यावं लागेल," एजंटबाई म्हणाल्या. "पण ऑपरेशन आधी."

डागदर आणि बायको सामान घेऊन गाडीत बसले, तेव्हाही आई हॉलमध्ये गुडघ्यांवरच होती आणि तिचा मुलगा "आई, घर आवडलं की नाही तेवढं सांग" म्हणून विनवत होता. बायकोनं गाडी सुरू केली नाही. पिशवीतून दोऱ्याचं रीळ काढलं आणि बाटल्यांना पुन्हा गाठी मारू लागली. एक. दोन. तीन.

"तुला कधी कळलं?" डागदरांनी विचारलं.

"कळायला काय हवं? वर्षभरात एकदाही ताटात केस सापडला म्हणून ओरडला नाहीत."

"सापडत होते?"

"ते जाऊ द्या."

तिनं गाडीचा खण उघडला, फडक्यांखाली हात घातला आणि एकदाही न चाचपता तो घडी घातलेला कागद बाहेर काढला. त्यावरचा नंबर लावला आणि फोन त्यांच्या हातात दिला. पलीकडे घंटी वाजत होती.

"काय सांगू त्यांना?" डागदर कुजबुजले.

"गिऱ्हाइकं तुम्हाला सांगतात तेच सांगा," बायको म्हणाली आणि गाडी सुरू केली. "जुना आहे, मुरलाय, लवकर बोलवायला हवं होतं, चुकलं."